घटक ४ : बहिर्विवाह आणि अंतर्विवाह – जॉन फर्ग्युसन मॅक्लेनन यांचे जीवन आणि विचार

४.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यावर तुम्हांला :

• विवाहप्रथांचे आरंभीचे अभ्यासक जॉन फर्ग्युसन मॅक्लेनन यांच्या जीवनाचा व ग्रंथकार्याचा परिचय करून देता येईल.
• विवाहविधींतील प्रतीकांवरून इतिहास शोधण्याची त्यांची पद्धती आणि तिच्या मर्यादा सांगता येतील.
• ‘बहिर्विवाह’ व ‘अंतर्विवाह’ या संज्ञांचा नेमका अर्थ उदाहरणांसह स्पष्ट करता येईल.
• नातेवाचक शब्दांवरून समाजरचनेविषयी कोणते अनुमान काढता येते व कोणते येत नाही, याची चर्चा करता येईल.
• या संज्ञांच्या साहाय्याने डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी जातिसंस्थेची केलेली मीमांसा समजून घेता येईल.

४.१ प्रास्ताविक

मागील घटकात आपण नातेवाचक शब्दांचा विचार केला. चुलता, मामा, आत्या, मावशी या शब्दांची व्यवस्था ही केवळ शब्दकोशातील नोंदींची व्यवस्था नसून तिच्यामागे घराण्याची, वारशाची आणि विवाहाची व्यवस्था उभी असते, हे आपण पाहिले. प्रस्तुत घटकात आपण विवाहव्यवस्थेकडे वळणार आहोत.

आपल्या समाजात विवाहाचे नियम प्रत्येकाला ठाऊक असतात. ‘त्यांचे आणि आमचे गोत्र एक आहे’, ‘देवक जुळते, तेव्हा सोयरीक होणार नाही’, ‘त्यांच्याशी आमचा बेटीव्यवहार नाही’ ही वाक्ये तुम्ही घरी कधी ना कधी ऐकली असतील. यांपैकी पहिली दोन वाक्ये ‘फार जवळचे नको’ असे सांगतात, तर तिसरे ‘फार लांबचे नको’ असे सांगते. बोलणाऱ्याच्या मनात मात्र हे दोन वेगळे नियम म्हणून उभे राहत नाहीत. ‘आमच्यात असे चालत नाही’ या एकाच वाक्यात ते मिसळून जातात. हे दोन नियम परस्परांपासून वेगळे काढून त्यांना स्वतंत्र नावे देण्याचे काम प्रथम एका स्कॉटिश वकिलाने केले. त्या वकिलाने मांडलेला सिद्धान्त आज जवळजवळ कोणीही स्वीकारत नाही. तरीही त्याने दिलेली दोन नावे समाजशास्त्राच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात आढळतात. सिद्धान्त लयाला जातो आणि संज्ञा उरते, असे का घडते, हा या घटकाचा मुख्य प्रश्न आहे.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ जीवनपरिचय

जॉन फर्ग्युसन मॅक्लेनन यांचा जन्म १८२७ साली स्कॉटलंडमधील इन्व्हर्नेस येथे झाला. ॲबरडीन येथील किंग्ज कॉलेजमधून १८४९ साली त्यांनी पदवी घेतली आणि पुढे केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात प्रवेश घेतला. परंतु तेथील पदवी न घेताच ते बाहेर पडले. काही काळ लंडनमध्ये नियतकालिकांतून लेखन केल्यावर १८५७ साली त्यांनी एडिंबरा येथे वकिलीस आरंभ केला. त्याच वर्षी एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाच्या आठव्या आवृत्तीत त्यांनी ‘कायदा’ या विषयावरील नोंद लिहिली. कायद्याचा उगम शोधता शोधता ते प्राचीन विवाहविधींकडे वळले.

१८६५ साली त्यांचा ‘प्रिमिटिव्ह मॅरेज’ हा ग्रंथ एडिंबरा येथून प्रसिद्ध झाला. १८६९-७० मध्ये ‘फोर्टनाइटली रिव्ह्यू’ या नियतकालिकात प्राणी व वनस्पती यांच्या पूजेसंबंधी त्यांची लेखमाला आली. कुलचिन्ह आणि विवाहनिर्बंध यांच्या संबंधाची चर्चा पुढे दीर्घकाळ चालली, तिची सुरुवात या लेखमालेपासून मानतात. १८७१ साली स्कॉटलंडविषयक विधेयकांचे मसुदे तयार करण्याचे संसदीय काम त्यांच्याकडे आले. १८७६ साली ‘स्टडीज इन एन्शन्ट हिस्टरी’ हा ग्रंथ निघाला. त्यात पहिला ग्रंथ नव्या निबंधांसह पुन्हा छापलेला होता. पुढील वर्षांत प्रकृती ढासळत गेली आणि १८८१ साली केंट परगण्यात त्यांचे निधन झाले. अपूर्ण राहिलेले ‘द पेट्रिआर्कल थिअरी’ हे पुस्तक बंधू डोनाल्ड मॅक्लेनन यांनी १८८५ साली पूर्ण करून प्रसिद्ध केले.

येथे एक गोष्ट लक्षात घ्या. विवाह व कुटुंब यांच्या उगमाविषयी त्या काळी लिहिणारे चारही प्रमुख अभ्यासक कायद्याच्या क्षेत्रातले होते. ‘एन्शन्ट लॉ’ या १८६१ सालच्या ग्रंथाचे कर्ते हेन्री मेन, त्याच वर्षी मातृसत्तेविषयी जर्मन भाषेत ग्रंथ लिहिणारे स्वित्झर्लंडमधील बाखोफेन, अमेरिकेतील लुईस हेन्री मॉर्गन आणि स्वतः मॅक्लेनन. वारसा कोणाचा, अपत्य कोणाचे, नाते कोणत्या बाजूने मोजायचे, हे वकिलाचे नित्याचे प्रश्न असतात. त्यांनी तेच प्रश्न मानवाच्या प्राचीन इतिहासाला विचारले.

४.२.२ विधीवरून इतिहासाकडे : अभ्यासपद्धती

‘प्रिमिटिव्ह मॅरेज’ या ग्रंथाचा प्रारंभ एका साध्या निरीक्षणाने होतो. परस्परांशी काहीही संबंध नसलेल्या अनेक समाजांच्या विवाहविधींत वधूला बळाने पळवून नेण्याचा अभिनय केला जातो. प्राचीन स्पार्टामध्ये वर वधूला पळवून नेत असे. रोममध्ये वधूला आईच्या मांडीवरून ओढून नेण्याचा विधी होता. ओडिशातील खोंड लोकांच्या विवाहाचे एका इंग्रज अधिकाऱ्याने केलेले वर्णनही मॅक्लेनन यांनी घेतले आहे. त्यात वर लाल वस्त्रात गुंडाळलेल्या वधूला पाठीवर घेऊन निघतो आणि वधूकडील स्त्रिया त्याच्या मागे दगड भिरकावत धावतात. दोन्ही कुटुंबांनी विवाह आधीच ठरविलेला असतो. विरोध कोणाचाच नसतो. मग हा अभिनय कशासाठी?

मॅक्लेनन यांचे उत्तर वकिली धाटणीचे आहे. कायद्यात अनेक औपचारिक कृती अशा असतात की, त्या कधीकाळी खऱ्या होत्या आणि आता केवळ चिन्हरूपाने उरल्या आहेत. त्याचप्रमाणे आज ज्याचा अभिनय होतो ते पूर्वी प्रत्यक्षात घडत असले पाहिजे. म्हणजे विधी हा इतिहासाचा अवशेष होय. मनुस्मृतीतील आठ विवाहप्रकारांपैकी राक्षस विवाह, म्हणजे आप्तांना मारून-जखमी करून रडणाऱ्या कन्येचे हरण करणे, हाही त्यांनी पुरावा म्हणून उपयोगात आणला.

भाषेच्या अभ्यासकाला ही पद्धती परिचयाची वाटेल. आपणही शब्दाच्या आजच्या रूपावरून त्याचे जुने रूप शोधतो. ‘विवाह’ या शब्दात ‘वह्’ म्हणजे वाहून नेणे हा धातू आहे. तेव्हा आपल्या पूर्वजांत वधूला पळवून नेत असत, असे म्हणावे का? असे म्हणता येणार नाही. वधूला पित्याच्या घरून पतीच्या घरी नेणे एवढेच त्या धातूवरून निश्चित होते. ते राजीखुशीने की बळाने, याविषयी धातू मौन पाळतो. व्युत्पत्ती अर्थाची दिशा दाखविते, घटनेची साक्ष देत नाही. विधींच्या बाबतीतही हाच विवेक आवश्यक आहे.

पुढील अभ्यासकांनी तो दाखविला. फ्रेंच अभ्यासक व्हान गेनेप यांनी १९०९ साली संक्रमणविधींवरील ग्रंथात या लटक्या हरणाचा वेगळा अर्थ लावला. वधू एका गटातून निघून दुसऱ्या गटात जाते, तेव्हा पहिल्या गटाची हानी होते. ती हानी, तो विरह आणि तो तणाव विधीतून व्यक्त होतो. आपल्याकडील पाठवणीचा प्रसंग आठवा. सर्वांच्या संमतीने ठरलेल्या लग्नातही त्या वेळी घर रडते. त्या रडण्यावरून प्राचीन अपहरणाचे अनुमान काढण्याची गरज नाही. मुलगी घरातून जाते आहे, एवढे कारण पुरेसे आहे.

४.२.३ मॅक्लेनन यांचा सिद्धान्त

मॅक्लेनन यांची सिद्धान्तमांडणी पुढील पायऱ्यांनी होते :

१. आदिम टोळ्या सतत परस्परांशी लढत असत. अशा स्थितीत लढणारे व शिकार करणारे पुरुष हवेसे वाटत आणि मुली भार वाटत. त्यामुळे स्त्री-अर्भकांच्या हत्येची चाल पडली.

२. परिणामी टोळीत स्त्रियांची संख्या घटली. एका स्त्रीला अनेक पती ही बहुपतित्वाची पद्धती निर्माण झाली, तसेच परक्या टोळीतील स्त्रिया पळवून आणणे सुरू झाले.

३. परकी स्त्रीच पत्नी करण्याची सवय पुढे नियम बनली. आपल्या गटातील स्त्रीशी विवाह करणे निषिद्ध ठरले.

४. बहुपतित्वात पिता कोण हे निश्चित नसे, माता मात्र निश्चित असे. म्हणून नाते प्रथम मातेच्या बाजूने मोजले गेले.

५. पुढे भाऊ-भाऊ मिळून एक पत्नी करू लागले, तेव्हा पितृकुल निश्चित झाले आणि पितृबाजूच्या नात्याला आरंभ झाला. मृत भावाच्या पत्नीचा दिराने स्वीकार करण्याची चाल हा त्या अवस्थेचा अवशेष होय.

बहुपतित्वाचे पहिले स्वरूप त्यांना केरळातील नायर समाजाच्या वर्णनांत, तर दुसरे तिबेटमध्ये दिसले. या मांडणीने हेन्री मेन यांच्या पितृसत्ताक कुटुंबाच्या सिद्धान्ताला आव्हान दिले. कुटुंबाची सुरुवात पित्याच्या सत्तेपासून झाली, असे मेन मानत. कुटुंबाला इतिहास आहे, ते नेहमी आजच्यासारखे नव्हते, ही दृष्टी मॅक्लेनन यांच्यामुळे इंग्रजी वाचकांत रुजली. मातृबाजूच्या नात्याच्या प्राथमिकतेचा विचार बाखोफेन यांनी आपल्याआधी मांडला होता, हे ‘प्रिमिटिव्ह मॅरेज’ लिहिताना त्यांना ठाऊक नव्हते. समजल्यावर त्यांनी त्याची मोकळेपणाने दखल घेतली.

४.२.४ दोन संज्ञा आणि त्यांचे मराठी रूप

सिद्धान्त मांडताना मॅक्लेनन यांना एक अडचण जाणवली. ‘गटाबाहेरच विवाह करावा’ आणि ‘गटातच विवाह करावा’ या नियमांना नावेच नव्हती. त्यांनी ग्रीक भाषेतील ‘गामोस’ म्हणजे विवाह या शब्दाला ‘बाहेर’ आणि ‘आत’ या अर्थांची पूर्वपदे जोडून ‘एक्झॉगमी’ आणि ‘एन्डॉगमी’ हे शब्द घडविले. मराठीत त्यांसाठी ‘बहिर्विवाह’ आणि ‘अंतर्विवाह’ हे शब्द रूढ झाले आहेत.

बहिर्विवाह : विशिष्ट गटाबाहेरील व्यक्तीशीच विवाह करण्याचा नियम. सगोत्र विवाहाचा निषेध हे त्याचे उदाहरण. मराठा व इतर अनेक समाजांत ज्यांचे देवक एक त्यांच्यात सोयरीक होत नाही. कळंबासारखा वृक्ष किंवा पंचपल्लव हे कुळाचे चिन्ह असते आणि समान चिन्ह असलेले परस्परांना भाऊबंद मानतात.

अंतर्विवाह : विशिष्ट गटातील व्यक्तीशीच विवाह करण्याचा नियम. जातीत, किंबहुना पोटजातीत विवाह करण्याचे बंधन हे त्याचे उदाहरण.

येथे विद्यार्थ्यांचा हमखास गोंधळ होतो. ‘अंतर्विवाह’ आणि ‘आंतरजातीय विवाह’ हे शब्द समानार्थी वाटतात. वस्तुतः ते परस्परविरोधी आहेत. अंतर्विवाह म्हणजे जातीच्या आत होणारा विवाह. आंतरजातीय विवाह म्हणजे दोन जातींमधील विवाह. एकाच शब्दाला असे उलट अर्थ कसे आले? संस्कृतातील ‘अंतर्’ या अव्ययाला ‘आत’ आणि ‘दोहोंमध्ये’ असे दोन्ही अर्थ आहेत. ‘अंतःकरण’, ‘अंतर्गत’ यांत पहिला अर्थ आहे. ‘आंतरराष्ट्रीय’, ‘आंतरविद्याशाखीय’ यांत दुसरा. लॅटिनमधील ‘इंटर’ हा शब्द याच मुळाचा असून इंग्रजीतील ‘इंटरनॅशनल’ हा त्या दुसऱ्या अर्थाचा शब्द आहे. मराठीने ‘अंतर्’ व ‘आंतर’ अशी दोन रूपे वापरून हे अर्थ वेगळे राखण्याचा प्रयत्न केला. परंतु छापील मजकुरात ‘अंतरजातीय’ किंवा ‘अंतर्जातीय’ अशी रूपे आढळतात आणि भेद पुसला जातो. परीक्षेत लिहिताना या भेदाकडे लक्ष द्या. येथे केवळ शुद्धलेखनाचा प्रश्न नाही. एका ऱ्हस्व-दीर्घाने समाजाचा नियम आणि त्या नियमाचा भंग यांची अदलाबदल होऊ शकते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १

(अ) एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. ‘प्रिमिटिव्ह मॅरेज’ हा ग्रंथ कोणत्या साली प्रसिद्ध झाला?
२. व्हान गेनेप यांनी वधूहरणाच्या विधीचा कोणता अर्थ लावला?

(आ) बहिर्विवाह की अंतर्विवाह, ते लिहा.
१. एका देवकाच्या दोन कुटुंबांत सोयरीक न होणे.
२. पोटजातीबाहेर मुलगी न देणे.

४.२.५ नातेवाचक शब्दांचा वाद

मॅक्लेनन आणि मॉर्गन यांचा वाद भाषेच्या अभ्यासकांसाठी विशेष महत्त्वाचा आहे. मॉर्गन यांनी १८७१ साली जगातील अनेक भाषांतील नातेवाचक शब्दांचे कोष्टक प्रसिद्ध केले. अमेरिकेतील इरोक्वाय लोकांत आणि दक्षिण भारतातील तमिळ भाषकांत वडिलांच्या भावाला वडिलांच्या वर्गातच गणणारे शब्द आहेत, असे त्यांना आढळले. अशा शब्दांवरून प्राचीन विवाहपद्धतीचे अनुमान करता येते, असे त्यांनी प्रतिपादिले. मॅक्लेनन यांनी ते नाकारले. त्यांच्या मते हे शब्द म्हणजे परस्परांना हाक मारण्याची, आदर दाखविण्याची रीत आहे. त्यांवरून रक्तसंबंध वा विवाहसंबंध सिद्ध होत नाहीत.

कोणाचे म्हणणे बरोबर? मराठीतील एक उदाहरण तपासू. अनेक मराठी घरांत सून सासऱ्यांना ‘मामंजी’ आणि सासूबाईंना ‘आत्याबाई’ म्हणत असे. सासू ही आत्या कशी? महाराष्ट्रातील अनेक समाजांत मुलाने मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल आहे. असे लग्न झाल्यास मुलीची सासू ही तिच्या वडिलांची बहीण, म्हणजे खरोखरच आत्या असते. मुलाच्या बाजूने पाहिले, तर त्याचा सासरा हा त्याचा मामाच असतो. येथे हाक आणि विवाहाची चाल यांचा मेळ बसतो. म्हणजे मॉर्गन यांच्या म्हणण्याला आधार मिळतो.

परंतु ज्या घरांत मामेबहिणीशी लग्न होत नाही, तेथेही ‘मामंजी’ हा शब्द चालत आला आहे. तेथे तो निखळ आदराची हाक आहे. आज तर सासू-सासऱ्यांना ‘आई-बाबा’ म्हणतात. त्यावरून भावा-बहिणींची लग्ने होतात असे कोणी म्हणणार नाही. येथे मॅक्लेनन यांचा इशारा योग्य ठरतो. तात्पर्य, नातेवाचक शब्द हा प्रश्न विचारण्यास प्रवृत्त करणारा पुरावा आहे. निर्णय देणारा पुरावा नव्हे. निर्णयासाठी प्रत्यक्ष चालीरीतींची माहिती घ्यावी लागते. इरावती कर्वे यांनी १९५३ सालच्या भारतीय आप्तसंबंधांवरील इंग्रजी ग्रंथात भाषाविभाग, नातेवाचक शब्द आणि विवाहाच्या चाली यांचा एकत्र विचार केला, तो याच कारणासाठी.

४.२.६ सिद्धान्तावरील आक्षेप

मॅक्लेनन यांच्या सिद्धान्तावर त्यांच्या हयातीतच आक्षेप घेण्यात आले. पहिला आक्षेप असा की, सर्व आदिम समाजांत स्त्री-अर्भकांची हत्या होत होती, याला पुरावा नाही. दुसरा असा की, सर्व मानवसमाज एकाच क्रमाने एकाच पायऱ्या चढत आले, हे गृहीतच चुकीचे आहे. फिनलंडचे अभ्यासक वेस्टरमार्क यांनी १८९१ सालच्या मानवी विवाहाच्या इतिहासावरील ग्रंथात या प्रकारच्या क्रममांडणीवर सविस्तर टीका केली. आपल्याकडे इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या ‘भारतीय विवाहसंस्थेचा इतिहास’ या पुस्तकातही विवाहाच्या प्राचीन अवस्था क्रमाने लावण्याचा प्रयत्न दिसतो. ते वाचताना जुन्या ग्रंथांतील उल्लेख आणि त्यांवरून बांधलेला क्रम या दोन गोष्टी वेगळ्या तपासल्या पाहिजेत.

तिसरा आक्षेप या घटकाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. मॅक्लेनन यांनी टोळ्यांची दोन प्रकारांत विभागणी केली : बहिर्विवाही टोळ्या आणि अंतर्विवाही टोळ्या. मॉर्गन यांनी १८७७ साली आणि त्यांच्या पाठोपाठ एंगल्स यांनी या विभागणीतील दोष दाखविला. बहिर्विवाहाचा नियम कुळाला लागू असतो आणि अनेक कुळे मिळून टोळी होते. कुळाबाहेर पण टोळीच्या आत, असा विवाह सर्रास होतो. म्हणजे हे दोन प्रकारचे समाज नसून एकाच समाजात दोन वेगळ्या पातळ्यांवर चालणारे दोन नियम आहेत.

ही दुरुस्ती झाल्यावर सिद्धान्त कोसळला. संज्ञा मात्र अधिक उपयुक्त झाल्या. कारण आता ‘हा समाज कोणत्या प्रकारचा?’ याऐवजी ‘या समाजात आतली रेषा कोठे आणि बाहेरची रेषा कोठे?’ असा प्रश्न विचारता येऊ लागला. हाच प्रश्न भारतीय समाजाला अत्यंत नेमकेपणाने विचारला गेला तो १९१६ साली.

४.२.७ डॉ. आंबेडकर यांची मीमांसा

९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठात, डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात, भीमराव आंबेडकर या पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने ‘कास्ट्स इन इंडिया’ हा निबंध वाचला. पुढील वर्षी तो ‘इंडियन अँटिक्वेरी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. जातीची व्याख्या करताना त्यापूर्वीच्या अभ्यासकांनी व्यवसाय, विटाळ, सहभोजनाचे निर्बंध अशी अनेक लक्षणे एकत्र केली होती. ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी १९०९ सालच्या ग्रंथात जन्मसिद्ध सभासदत्व आणि जातीबाहेरील विवाहास बंदी अशी दोन लक्षणे निश्चित केली. आंबेडकर यांनी केतकरांचा आदराने उल्लेख करून दाखविले की, ही दोन लक्षणे एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. जातीबाहेर विवाह बंद केला की सभासदत्व आपोआप जन्मसिद्ध होते. म्हणून जातीचे सारभूत लक्षण एकच : अंतर्विवाह.

यापुढील पायरी अधिक महत्त्वाची आहे. भारतीय समाजाचा मूळ नियम बहिर्विवाहाचा आहे; सगोत्र आणि सपिंड विवाहाचे निषेध हेच सांगतात. ज्या समाजात बहिर्विवाह इतका खोल रुजला आहे, तेथे बंद गट सहजपणे तयार होऊ शकत नाहीत. म्हणून जात म्हणजे बहिर्विवाहावर लादलेला अंतर्विवाह होय, असे त्यांनी प्रतिपादिले. जी गोष्ट लादावी लागते ती टिकवावीही लागते. मग ती कशी टिकविली गेली?

एखाद्या गटाने बाहेरचे दार लावून घेतले, असे समजा. गटात विवाहयोग्य स्त्री-पुरुषांची संख्या साधारण सारखी आहे. पती वारला तर मागे राहिलेली पत्नी ‘अतिरिक्त’ ठरते. तिने गटाबाहेर विवाह केला तर दार उघडते. गटात केला तर कोणा अविवाहित मुलीचा वर कमी होतो. यावर दोन उपाय योजले गेले : तिला पतीबरोबर जाळणे, किंवा सक्तीच्या वैधव्यात ठेवणे. पत्नी वारल्यास पुरुष ‘अतिरिक्त’ ठरतो. परंतु समाजात पुरुषाचे वर्चस्व असल्याने त्याला जाळले जात नाही आणि संन्यास लादणेही गटाला परवडत नाही. म्हणून अद्याप विवाहयोग्य न झालेल्या, लहान वयाच्या मुलींतून त्याला पत्नी दिली जाते. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालिकाविवाह या तीन चाली अशा रीतीने एकाच कारणातून निघतात. त्यांचा गौरव करणारे तत्त्वज्ञान नंतर आले. आधी गरज होती.

मराठी साहित्याचे विद्यार्थी म्हणून तुम्ही या मीमांसेचे महत्त्व अधिक चांगले जाणू शकाल. बाबा पदमनजी यांच्या ‘यमुनापर्यटन’मध्ये (१८५७) विधवांच्या हालअपेष्टा आहेत. हरि नारायण आपटे यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो!’ या कादंबरीत एका मुलीच्या आयुष्याची आणि तिच्या वैधव्याची कहाणी आहे. गोविंद बल्लाळ देवल यांच्या ‘संगीत शारदा’ (१८९९) नाटकात वृद्धाशी ठरविलेल्या बालिकेच्या लग्नाचा प्रश्न आहे. या कृती वाचताना आपणांस वेगवेगळ्या दुष्ट चाली आणि त्यांमागील लोभी, कठोर किंवा दुबळ्या व्यक्ती दिसतात. आंबेडकर यांच्या मीमांसेनंतर या चालींना जोडणारा धागा दिसू लागतो. जातीचे दार बंद ठेवण्याची किंमत स्त्रियांकडून वसूल केली गेली, हे त्या धाग्याचे नाव आहे. पुढे १९३६ साली ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ या प्रबंधात त्यांनी आंतरजातीय विवाह हाच जातीवरील खरा उपाय मानला, तो याच विश्लेषणाचा तर्कसिद्ध शेवट आहे.

कायद्यानेही या दोन रेषा बदलल्या. १९४६ च्या कायद्याने सगोत्र हिंदू विवाहावरील बंधन दूर केले आणि १९४९ च्या कायद्याने भिन्न जातींतील हिंदूंच्या विवाहास वैधता दिली. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने गोत्र व जात या दोहोंना बाजूस ठेवून आईकडून तीन व वडिलांकडून पाच पिढ्यांपर्यंतचे सपिंड नाते निषिद्ध मानले. मात्र जेथे रूढी असेल तेथे ती मान्य केली. मामेबहिणीशी होणारी लग्ने या अपवादात बसतात. कायद्यात अंतर्विवाहाचे बंधन उरलेले नाही. व्यवहारात ते किती उरले आहे, हे कोणत्याही वर्तमानपत्रातील ‘वधू-वर पाहिजेत’ या सदरावरून तुम्हांला स्वतः पडताळता येईल.

४.३ सारांश

मॅक्लेनन यांनी विवाहविधींतील प्रतीकांवरून मानवाच्या प्राचीन विवाहपद्धतीचा शोध घेतला. स्त्री-अर्भकहत्या, बहुपतित्व, वधूहरण आणि मातृबाजूचे नाते अशी क्रमवार मांडणी त्यांनी केली. ही मांडणी पुराव्याअभावी टिकली नाही. तथापि विवाहाच्या दोन नियमांना त्यांनी दिलेली नावे टिकली. रूढी जोवर ‘आमच्यात असेच असते’ या वाक्यात बोलते, तोवर तिला प्रश्न विचारता येत नाही. तिचे घटक वेगळे करून त्यांना नावे दिली की ती तपासणीस येते. मॉर्गन यांनी या संज्ञांचा वापर दुरुस्त केला आणि आंबेडकर यांनी त्यांच्या परस्परसंबंधातून जातीचे आणि तिच्यातील स्त्रीच्या स्थितीचे कारण उलगडले. मॅक्लेनन यांचे खरे योगदान त्यांच्या उत्तरात नसून त्यांच्या शब्दांमुळे शक्य झालेल्या प्रश्नांत आहे.

४.४ पारिभाषिक शब्द

बहिर्विवाह – गटाबाहेरच विवाह करण्याचा नियम.
अंतर्विवाह – गटातच विवाह करण्याचा नियम.
आंतरजातीय विवाह – दोन भिन्न जातींतील व्यक्तींचा विवाह.
बहुपतित्व – एका स्त्रीला एकाच वेळी अनेक पती असण्याची पद्धती.
अवशेष – मूळ कारण नाहीसे झाल्यावरही चालू राहिलेली रीत.
देवक – कुळाचे पूज्य चिन्ह. समान देवक असलेल्यांत विवाह निषिद्ध.

४.५ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १ : उत्तरे

(अ) १. १८६५. २. वधू एका गटातून दुसऱ्या गटात जाताना होणारी हानी आणि विरह त्या विधीतून व्यक्त होतो.
(आ) १. बहिर्विवाह. २. अंतर्विवाह.

४.६ स्वाध्याय

१. मॅक्लेनन यांच्या अभ्यासपद्धतीचे सामर्थ्य व मर्यादा सोदाहरण लिहा.
२. नातेवाचक शब्दांविषयी मॉर्गन व मॅक्लेनन यांच्या मतांची मराठी उदाहरणांच्या आधारे तुलना करा.
३. ‘जात म्हणजे बहिर्विवाहावर लादलेला अंतर्विवाह’ हे विधान स्पष्ट करा. सती, सक्तीचे वैधव्य व बालिकाविवाह यांचा या विधानाशी संबंध सांगा.
४. टीपा लिहा : (अ) ‘अंतर्’ आणि ‘आंतर’ (आ) देवक.

४.७ क्षेत्रीय कार्य

आपल्या कुटुंबातील किंवा शेजारातील तीन पिढ्यांच्या स्त्रियांना पुढील प्रश्न विचारून उत्तरांची नोंद करा. सासू-सासऱ्यांना त्या कोणत्या शब्दाने हाक मारत? सोयरीक जुळविताना कोणती नाती व कोणती कुळे वर्ज्य मानली जात? ते नियम कोणी सांगितले आणि त्यांचे कारण काय सांगितले गेले? नोंदीत व्यक्तींची नावे लिहू नका. उत्तरे त्यांच्याच शब्दांत लिहा. त्यानंतर प्रत्येक नियमापुढे तो बहिर्विवाहाचा आहे की अंतर्विवाहाचा, हे लिहा. पिढीगणिक कोणती रेषा पुसट झाली आणि कोणती तशीच राहिली, यावर एक परिच्छेद लिहून संपर्कसत्रात चर्चेसाठी आणा.